जिभेची रजा

माझा नवरा बिस्किटं खाण्याचा पगार घेतो. लग्नाआधी हे मी घरी सांगितलं तेव्हा माझे वडील बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "ते ठीक आहे, पण काम काय करतो?"

हेच काम. बिस्किटांच्या कारखान्यात एक पांढरी खोली आहे. तिथं पांढऱ्या टोप्या घातलेली चार-पाच माणसं बसतात आणि भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातलं एकेक बिस्किट चावून सांगतात, की मीठ कणभर जास्त झालंय, लोणी जुनं आहे, आज भट्टी जरा तापट होती. त्यांनी मान हलवली तर गाड्या भरतात, नाही हलवली तर अख्खा घाणा गुरांच्या खाद्यात जातो. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या कामात चूक झाली तर कुणाची तरी भिंत पडते. त्याच्या कामात चूक झाली तर कुणाचं तरी बिस्किट चहात जरा लवकर बुडतं. तरी घरीदारी मान त्यालाच.

जेवणाच्या टेबलावर तर विचारूच नका. शर्टाच्या खिशात स्वतःचा स्टीलचा चमचा घेऊन फिरतो, म्हणून मित्र त्याला 'चमचा' म्हणतात. पण ताट समोर आलं की हेच मित्र हातातला घास हातातच धरून त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. चमचा पहिला घास घेणार, डोळे मिटणार, जीभ टाळ्याला लावणार आणि मग निकाल देणार. तोवर सगळं गार. लग्न झाल्यापासून मी चारचौघांत बसून गरम सूप प्यायलेली नाही.

आता त्यांच्या कारखान्याची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रोज तेच तेच चाखून जीभ बोथट होते म्हणे. म्हणून चाखणाऱ्यांना वर्षातून एकदा सलग महिनाभर सुटी मिळते. तिला तिथं सगळे 'जिभेची रजा' म्हणतात. या महिन्यात कारखान्याचं बिस्किट तोंडात घालायचं नाही, बाकी जग पालथं घालून काय हवं ते खा. कामावर परतल्या दिवशी मात्र परीक्षा. समोर तीन बशा ठेवतात. दोन बशांत एकाच घाण्याची बिस्किटं, तिसरीत किंचित वेगळं. वेगळं कुठलं ते सांगायचं. चुकलं तर पांढरी टोपी जमा करायची आणि पॅकिंग खात्याची निळी घालायची. परीक्षा घेतात त्या मोठ्या बाई. त्या आयुष्यभर बिनवासाचा साबण वापरत आल्यात आणि हसल्याचं कुणाच्या स्मरणात नाही.

यंदा रजेच्या तोंडावर नवऱ्याला सर्दी झाली. साधीच. दोन दिवस शिंकला, नाक ओढलं, मला उगाच हाका मारल्या. सर्दी गेली. रजेच्या पहिल्या सकाळी त्यानं कॉफीचा घोट घेतला आणि विचारलं, "साखर विसरलीस?"

"तूच घातलीस की. दोन चमचे."

त्यानं आणखी एक घातला. मग कपाट उघडून मिठाची चिमूट जिभेवर ठेवली. मग लिंबू कापून चोखलं. मग व्हिनेगरची बाटली तोंडाला लावली आणि मी ती हिसकावून घेईपर्यंत पाण्यासारखी पीत राहिला. त्याचं तोंडसुद्धा वाकडं झालं नाही. तेव्हा माझ्याच तोंडचं पाणी पळालं.

नाक-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी घालून वरखाली बघितलं. "सर्दीनं वास गेलाय, चवही गेलीय. येते परत."

"कधी?"

"आठवड्यात येते, महिन्यात येते. कधीकधी..." एवढं बोलून त्यांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "सगळ्यांना सांगून टाकू. आजारपण आहे, चोरी नाही."

"आणि वहिनीचा भाऊ?"

तेही खरंच. माझ्या जावेचा भाऊ त्याच कारखान्याच्या ऑफिसात बसतो. जावेच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मोठ्या बाईंच्या टेबलावर पोचणार, तीही मीठमिरची लावून. "निदान आईंना तरी सांग," मी म्हटलं.

"आईला तर मुळीच नाही. ती माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसलेली असते."

थोडक्यात, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण घरात दडी मारायचीही सोय नव्हती. महिना आधीच वाटला गेला होता. मित्रांबरोबर समुद्रावर जायचं होतं, दिराकडे राहायला जायचं होतं, आणि दर रविवारी सासूबाईंकडे जेवण. सगळीकडे टेबल, सगळीकडे ताटं, आणि सगळीकडे 'हं, सांग, कसं झालंय?'

युक्ती माझी. शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही पेडल असतात. शिकणारा समोरच्या झाडाकडे बघत 'सगळं छान चाललंय' असं समजत असतो आणि खाली गाडी माझ्या पायांवर चालत असते. म्हटलं, चव मी घेते, बोल तू. टेबलाखाली मी तुझ्या पायाचा अंगठा दाबला की ब्रेक, म्हणजे मीठ जास्त झालंय. घोट्याला टोचलं की अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे अजून हवं. पाय लागलाच नाही तर रस्ता मोकळा, मनसोक्त स्तुती कर.

यात एकच अडचण होती. हा माणूस मुळात माझा विद्यार्थी. पहिल्याच धड्यात ब्रेक समजून दुसरंच पेडल दाबून यानं गाडी दुधाच्या टपरीत घातली होती. त्याच्याइतके धडे माझ्याकडे आजवर कुणी घेतलेले नाहीत. शेवटी लग्न करणं स्वस्त पडेल असा त्यानं हिशेब केला असावा.

समुद्रावर आमच्याबरोबर त्याचा जुना मित्र होता, नळ दुरुस्त करणारा. सगळे त्याला नळवाला म्हणतात. सोबत त्याची बायको. दुपारी वाळूतच टेबलं टाकलेल्या एका खाणावळीत बसलो. नळवाल्यानं जाऊन मालकाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मालक हात पुसत स्वतः बाहेर आला. भाजलेला मासा आला. मी गुपचूप एक तुकडा तोंडात टाकला. मासा समुद्रातून काढल्यावर पुन्हा समुद्रात बुचकळून आणला असावा, इतका खारट. मी नवऱ्याचा अंगठा दाबला. चांगला टाचेनं दाबला.

नवऱ्यानं डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाला, "मिठाला जरा हात आखडता घेतलाय."

मालकाचा चेहरा पडला. पण मोठ्या माणसाचा शब्द! सगळी ताटं उचलून आत नेली आणि पुन्हा मीठ भुरभुरून आणली. मी दुसरा घास घेतलाच नाही, पोट बिघडलंय म्हणाले. नळवाल्यानं घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसत तो म्हणाला, "आत्ता कशी चव उघडली बघा!"

"जमीन-अस्मानाचा फरक," त्याची बायको म्हणाली आणि घटाघटा ग्लास रिकामा केला.

नंतर होडीतून फिरायला गेलो तर नावाड्याचं प्यायचं पाणी या दोघांनी संपवलं. नळवाल्याची बायको होडीची कड धरून 'आज ऊन फार आहे' एवढंच म्हणत राहिली. मिठाचं नाव कुणी काढलं नाही. किनाऱ्यावर उतरल्यावर मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "अरे, ब्रेक दाबला होता!"

"मला वाटलं, अ‍ॅक्सिलरेटर."

"टपरीत घातलीस तेव्हाही तुला हेच वाटलं होतं."

आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण तो लवकर थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर तो पलंगावर नव्हता. लॉजच्या गॅलरीत पाठमोरा बसला होता. कठड्यावर तीन कप मांडलेले. दोनांत नुसतं पाणी, एकात साखर घातलेलं. डोळे मिटून, कपांची जागा बदलून, एकेक घोट घेत होता. मी दारातच थांबले. त्यानं मधल्या कपावर बोट ठेवलं, डोळे उघडले आणि तळाशी साखर कुठल्या कपात राहिलीय ते वाकून बघितलं. डावीकडच्या कपात होती. त्यानं पुन्हा डोळे मिटले.

मी जाऊन शेजारी बसले. तो म्हणाला, "सगळं पाण्यासारखं लागतं म्हणायचीसुद्धा सोय नाही. पाण्याला चव असते. ती गेल्यावर कळलं."

"येईल रे."

"नाही आली तर? मला दुसरं काय येतं? गाडी तर तू बघितलीच आहेस." मग म्हणाला, "माणसं मला जेवायला बोलावतात ती माझ्या जिभेला बोलावतात. मी आपला तिला घेऊन जातो."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी तिन्ही कप बेसिनमध्ये ओतले आणि त्याला म्हटलं, आवर, उशीर होतोय. कशाला उशीर होत होता ते मलाही माहीत नव्हतं.

तिथून दिराकडे गेलो. दीर माणूस सरळ. पंखा दुरुस्त करायला घेतो आणि घरातले दिवे घालवतो, पण मनात काही नसतं. मनात काय असेल ते जावेच्या. ती स्वयंपाकघर दाखवते ते एखादं प्रदर्शन दाखवावं तसं. यंदा तिनं नव्या बरण्या घेतल्या होत्या. एकसारख्या, एका उंचीच्या, पांढऱ्या झाकणांच्या, रांगेनं मांडलेल्या. "चिठ्ठ्याबिठ्ठ्या लावल्या की शोभा जाते," ती म्हणाली. "आईंनाही असाच सेट दिलाय. त्यांच्याकडे कसे एकेक डबे होते, बाई! चहाचा हिरवा, साखरेचा पोचे पडलेला, मिठाचा बिनझाकणाचा."

रात्रीच्या जेवणात तिनं केलेलं टोमॅटोचं सूप चांगलं होतं. उगाच खोटं का बोला, फारच चांगलं होतं. मिठाचा कण इकडचा तिकडे नाही. जाऊ हनुवटीखाली हात घेऊन नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. आणि मला आठवलं, माझ्या वाढदिवसाला हिनं माझा केक बोटानं दाबून बघितला होता आणि विचारलं होतं, 'हा असाच असतो का?' माझा पाय आपोआप उचलला गेला. मी त्याच्या घोट्याला टोचलं.

"मीठ कमी आहे," नवरा गंभीरपणे म्हणाला.

मी पुन्हा टोचलं.

"बरंच कमी आहे. आणि एकूणच सूप जरा घाबरून केल्यासारखं वाटतंय."

ते दुसरं वाक्य त्याचं स्वतःचं होतं, त्याचं श्रेय मी घेणार नाही. जावेनं हनुवटीखालचा हात काढून घेतला. दिरानं तिसऱ्यांदा वाढून घेतलेलं सूप अपराध्यासारखं बाजूला सारलं. मला त्या रात्री फार छान झोप लागली.

रविवारची जेवणं मात्र मी इमानेइतबारे चालवली. सासूबाईंचा स्वयंपाक म्हणजे आमच्या घरातली शेवटची सत्ता. त्या स्वतः एकीकडे भांडी हलवत राहतात, उशिरा बसतात, आणि लेकानं पहिला घास घेतला की हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघतात. मला त्यांचं जेवण नेहमीच खारट लागायचं. पण रोज बिस्किटं चाखणाऱ्या माणसाला मिठाची चटक असते, आणि तो 'झकास' म्हणायचा. मग मी कोण बोलणारी? सून म्हणून आलेल्या दिवसापासून मी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळत होते.

यंदा पहिल्याच रविवारी मी ब्रेक दाबला. एव्हाना आम्ही घरी तालमी केल्या होत्या, त्यामुळे त्याला तो बरोबर कळला. "आई, मीठ जरा जास्त आहे."

सासूबाई क्षणभर बघत राहिल्या. "जास्त? बरं." पुढच्या रविवारी मीठ कमी होतं. तरी मी हलकासा ब्रेक दाबला. त्यांनी आणखी कमी केलं. तिसऱ्या रविवारी मी त्या घरात पहिल्यांदा पोटभर जेवले. बटाटे दोनदा घेतले. सासूबाई म्हणाल्या, "हिला काय झालंय यंदा?"

महिना संपत आला. चव आली नाही. नवरा रोज सकाळी कप मांडायचा आणि मी बघितलं नाही असं दाखवायचे. परतायच्या आदल्या दिवशी रविवार होता. गाडीत बसल्यावर त्यानं आपला बेत सांगितला. "उद्या अंदाजानं बोट ठेवणार. तीन बशा आहेत. लागला तर लागला."

"आणि लागला तर परवा काय करणार? तेरवा?"

"तेव्हाचं तेव्हा."

मला तो बेत पटला नव्हता, पण दुसरा माझ्याकडे नव्हता.

त्या दिवशी दीर आणि जाऊही आले होते. जाऊ टेबल मांडत होती. "नवरा-बायकोनं कायम काय गोंदासारखं शेजारी बसायचं?" असं म्हणून तिनं मला नवऱ्याच्या समोरच्या बाजूला बसवलं. त्याच्या शेजारची खुर्ची सासूबाईंची. त्या उठून वाढत होत्या, त्यामुळे खुर्ची रिकामी होती. मी पाय लांब केला, त्याचा मोजा सापडला, आणि सूप, मासा, बटाटे सगळं सुरळीत पार पडलं. मग सासूबाईंनी तांदळाचं पुडिंग आणलं, सगळ्यांच्या वाट्या भरल्या आणि स्वतः खुर्चीत बसल्या.

नवऱ्यानं खिशातून चमचा काढला. डोळे मिटले. त्याच वेळी मी माझा घास घेतला.

मीठ. साखरेच्या जागी तेवढंच मीठ. दूध, तांदूळ, वेलदोडा आणि मुठीनं मीठ. माझ्या जिभेनं घशाचा रस्ताच अडवला. मी समोर पाय फेकला, सापडला तो अंगठा, आणि गाडीपुढे मूल आल्यावर दाबावा तसा ब्रेक दाबला.

सासूबाई खुर्चीत इंचभर उडाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पायाखाली काय आहे ते चाचपलं. मोजा नव्हता. मऊ सपाता होत्या.

नवऱ्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं, म्हणजे त्याच्या लेखी रस्ता मोकळा होता. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "अप्रतिम! आई, आजवरचं तुझं सगळ्यात चांगलं पुडिंग."

दिरानं घास गिळला. त्याच्या गळ्याचं हाड वर जाऊन खाली यायला वेळ लागला. मग तो बायकोकडे वळून म्हणाला, "शिकून घे."

"जरा... वेगळं आहे, नाही?" जाऊ डोळे मिचमिचवत म्हणाली.

"त्यातच तर गंमत आहे," नवरा म्हणाला आणि चमचा पुन्हा बुडवला. ते बघून त्या दोघांनीही बुडवला. समुद्रावरची नळवाल्याची बायको मला आठवली. मला इतकं हसू येत होतं आणि इतकी भीती वाटत होती, की दोन्ही मिळून उचकी लागली.

सासूबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. दिराच्या, जावेच्या, माझ्या, आणि शेवटी खूप वेळ लेकाच्या. मग त्यांनी स्वतः एक चमचा खाल्ला. शांतपणे खाल्ला. त्यांचा चेहरा जराही हलला नाही.

"जरा आत ये गं," त्या मला म्हणाल्या.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दार लोटलं. "माझा पाय का तुडवलास?"

"चुकून लागला, आई."

"चुकून लागला तर माणूस काढून घेतो. तू दाबून धरला होतास." त्यांनी ओट्यावरच्या एकसारख्या बरण्यांकडे बघितलं. "पुडिंगात मीठ पडलंय का?"

मी मान हलवली. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "तुम्ही खाल्लंत ना आत्ता? तुम्हाला कळलं नाही?"

सासूबाई स्टुलावर बसल्या. पाय पुढे घेऊन अंगठा चोळू लागल्या. "मला कुठलं कळतंय. दोन-तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, वय झालं. माती खाल्ली काय आणि मध खाल्ला काय."

"मग स्वयंपाक कसा करता?"

"त्याच्या तोंडाकडे बघून. घास घेतल्यावर, काही बोलायच्या आधी त्याची डावी भुवई हलते. जास्त झालं तर खाली, कमी पडलं तर वर. लहानपणापासून तसंच आहे. रविवारी त्याची भुवई बघायची आणि तेच माप आठवडाभर चालवायचं." त्यांनी पाय सपातेत घातला. "यंदा महिनाभर भुवई हलली नाही. आधी टेबलाकडे बघायचा, मग बोलायचा. मला वाटलं, नोकरीचं काही बिनसलंय. त्याला चव लागत नाही ना?"

इतक्या वर्षांत ती भुवई मला एकदाही दिसली नव्हती. मी सगळं सांगितलं. सर्दी, व्हिनेगर, कप, ब्रेक, उद्याच्या तीन बशा. सांगताना रडले, रागावलेही. सासूबाई ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे महिनाभर मी तुझ्या जिभेवर स्वयंपाक केला?"

"हो."

"तुला इतकं अळणी आवडतं?"

"तुमचं फार खारट असायचं, आई."

"मग बोलली का नाहीस?"

यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण तेवढ्यात दार उघडलं आणि नवरा रिकामी वाटी घेऊन आत आला. "आई, अजून आहे का गं?"

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "गाढवा," त्या म्हणाल्या, "मीठ आहे रे त्यात. सगळं मीठ आहे."

त्यानं वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "मी आईंचा पाय दाबला. तू टपरीत शिरलास."

तो दाराला टेकला. सासूबाई उठल्या, पुडिंगचं पातेलं त्याच्यापुढे ओट्यावर ठेवलं, त्याच्या हातातला चमचा घेऊन घास घेतला आणि चमचा परत केला. "हं. कसं लागतंय?"

त्यानं एक घास घेतला. "काहीच नाही. तुला?"

"मलाही नाही."

"तुला?" तो बघतच राहिला. "कधीपासून?"

त्यांनी सांगितलं. तो मटकन स्टुलावर बसला. मग दोघं माय-लेक पातेल्यातून एकाच चमच्यानं खात सुटले. एक घास तिचा, एक त्याचा, आणि प्रत्येक घासाला 'कसंय?' 'मस्त!' असं म्हणत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिले. मी शेवटी पातेलं ओढून घेतलं. दोघांनाही रक्तदाब आहे.

हसणं ओसरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उद्या बोट ठेवू नकोस. सांगून टाक."

"टोपी जाईल, आई. मग मी कोण?"

"मला चव गेली म्हणून मी तुझी आई राहिले नाही? स्वयंपाक सोडला मी?"

"सोडला नाहीस," तो नाक पुसत म्हणाला, "पण पुडिंगात मीठ घातलंस."

"म्हणूनच सांगतेय. झाकून ठेवलं की असंच होतं."

सोमवारी मी त्याला 'शिकाऊ'ची पाटी लावलेल्या गाडीतून कारखान्याच्या फाटकाशी सोडलं. संध्याकाळी घ्यायला गेले तर तो निळी टोपी घालून उभा होता. बशांना हात लावायच्या आधीच त्यानं मोठ्या बाईंना सांगितलं होतं. त्यांनी तिन्ही बशा उचलल्या आणि म्हणाल्या, "चव आली की ये. खुर्ची काही दिवस रिकामी ठेवते. किती दिवस ते विचारू नकोस." तो गाडीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घर येईपर्यंत तिच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. घरी पोचलो तेव्हा फोन वाजत होता. जाऊ होती. तिला सगळं माहीत होतं आणि तिला फार म्हणजे फारच वाईट वाटत होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळे जमलो. या वेळी त्याला सासूबाईंनी मुद्दाम फोन करून बोलावून घेतलं. म्हणाल्या, जिभेला नाही बोलावत, तुला बोलावतेय. बरण्यांवर आता मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या होत्या. त्या बघून जावेला शोभा गेल्याचं दुःख झालं, पण तिनं नुसती एक बरणी रांगेत सरकवली. या वेळी मी त्याच्या शेजारी बसले आणि पाय खुर्चीखाली घेतले.

सूप आलं. आणि सवयीनं सगळ्यांचे चमचे हवेत थांबले. दिराचा, जावेचा, माझासुद्धा. सगळे नवऱ्याकडे बघत होते. त्यानं खिशातला चमचा काढला, बघितला, पुन्हा खिशात ठेवला. मला वाटलं, आता हा उठून जातो. एका हातानं त्यानं टेबलाची कड घट्ट धरली होती. मग तो वळला आणि माझ्याकडे बघू लागला. त्याच्याबरोबर सगळे वळले.

मी घास घेतला. सूप गरम होतं. जीभ भाजली. मीठ थोडं कमी होतं, अगदी चिमूटभर. ते सांगावं की नाही, जाऊ काय म्हणेल, आधीच मी 'अळणी' म्हणून प्रसिद्ध झालेय, असा विचार करत मी चमचा खाली ठेवला.

समोर सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत मिठाची बरणी आणायला उठल्या होत्या. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.